सहा खुर्च्या, अकरा माणसं

"तुझं सासर कोल्हापूरचं ना? मग तूच बघ काय ते."

या एका वाक्यावर कोल्हापूरच्या ऑफिसचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग टीम सांभाळते. करारनामे, डिपॉझिट, इन्व्हर्टर या गोष्टींशी माझा संबंध आमच्या फ्लॅटपुरताच. पण आमच्याकडे ॲडमिन म्हणजे दीड माणूस, आणि तो दीड माणूसही बाणेरच्या ऑफिसातले एसी आणि लिफ्ट सांभाळण्यात संपलेला.

मार्च २०२० मध्ये सगळे आपापल्या गावी गेले ते गेलेच. कोणी इचलकरंजी, कोणी जयसिंगपूर, कोणी सांगली, एक जण थेट गडहिंग्लज. काम व्यवस्थित चाललं होतं. मग २०२२ च्या शेवटी वरून फर्मान निघालं, आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला यायचं. महिन्याभरात दोन राजीनामे आले. त्यातला एक जण क्लेम मॉड्यूल, म्हणजे सॉफ्टवेअरचा विमादाव्यांचा भाग, कोळून प्यायलेला होता. त्याच्यामागे ते मॉड्यूल उघडायला आम्ही बाकीचे दोन महिने घाबरत होतो. तेव्हा कोणीतरी यादी काढली आणि कळलं की अजून अकरा जण कोल्हापूर पट्ट्यातले आहेत. कोणाचे आई-वडील थकलेले, कोणाची मुलं तिथल्या शाळेत रुळलेली, एकाने तर घर बांधायला काढलेलं. पुणे ते कोल्हापूर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, त्यात सातारा-कागल रस्त्याच्या सहापदरीकरणाचं काम चालू. तीन दिवस ऑफिस म्हणजे पुण्यात वेगळी खोली घेणं, आणि ते कोणी करणार नव्हतं.

तिथेच एक छोटं ऑफिस काढू, असा विषय निघाला. माणसं आठवड्यातून दोन-तीन दिवस तिथे बसतील, बाकी घरून. स्वतःचं ऑफिस की को-वर्किंग, म्हणजे अनेक कंपन्यांना खुर्च्या भाड्याने देणारं तयार ऑफिस, यावर फार चर्चा झाली नाही. ताराबाई पार्कात एक रिकामी जागा बघितली होती. मालकांना तीन वर्षांचा करार हवा होता आणि डिपॉझिट सहा महिन्यांचं. वर फर्निचर, इंटरनेट, झाडलोट, चहा, बाथरूममधला साबण संपला की आणणारा माणूस. हे सगळं अकरा जणांसाठी, जे कधीच एका दिवशी अकराच्या अकरा येणार नव्हते. निदान तेव्हा आम्हाला तसं वाटत होतं.

शनिवारची चूक

एका शनिवारी मी तीन जागा बघितल्या. पहिली स्टेशन रोडला, तिथे जिन्यातच वडापावचा वास. वाईट नव्हे, पण लक्ष लागेना. दुसरी दिसायला देखणी, भिंतीवर झाडं लावलेली, आणि त्या झाडांना पाणी घालणारा माणूस आमच्या डोक्यावरून पाइप नेत होता. तिसरी राजारामपुरीत, तिसऱ्या मजल्यावर. चाळीसेक खुर्च्या, दोन फोन बूथ, एक मीटिंग रूम, एक कॅन्टीनवजा कोपरा. तिथला मॅनेजर तिशीचा, बोलायला गोड. "बसा की मॅडम निवांत. दिवसभर बसून बघा, मग ठरवा."

मी साडेतीनशे रुपयांचा दिवसाचा पास काढला आणि खरंच दिवसभर बसले. खुर्ची चांगली. पाठ दुखली नाही. इंटरनेटचा वेग तीनदा मोजला, तिन्ही वेळा ठणठणीत. लाइट एकदा गेले, इन्व्हर्टरवर दिवे आणि राउटर चालू राहिले, एसी बंद झाला, दहा मिनिटांत जनरेटर लागला. चहा थोडा गोड, पण कोल्हापुरात चहा गोडच असतो. मी टेस्ट केसेसचा एक गठ्ठा संपवला आणि खूश होऊन मंगळवार पेठेत घरी गेले. सासूबाईंना म्हटलं, "जागा मिळाली."

दिवसभरात मी एकही कॉल घेतला नव्हता. शनिवार होता, क्लायंटला सुट्टी, आम्हाला सुट्टी, आणि त्या मजल्यावरचा निम्मा जमावही सुट्टीवर. निम्म्या खुर्च्या रिकाम्या आहेत हे मला दिसलं होतं. त्याचा अर्थ दिसला नव्हता.

आम्ही सहा खुर्च्यांची एक केबिन घेतली. खुर्चीला महिना ५,२०० रुपये, म्हणजे ३१,२००, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ३६,८१६. डिपॉझिट दोन महिन्यांचं, सहा महिने सोडता येणार नाही, त्यानंतर एक महिन्याची नोटीस. मीटिंग रूम महिन्याला दहा तास फुकट. हिशेब सोपा होता: अकरा माणसं, प्रत्येकाचे आठवड्यातून दोन-तीन दिवस, म्हणजे सहा खुर्च्या पुरून उरतात. एक्सेलमध्ये हे इतकं सुंदर दिसत होतं की संचालकांनी पाच मिनिटांत सही केली.

कागद

को-वर्किंगमध्ये कागदपत्रं नसतात, चावी घ्या आणि बसा, अशी माझी समजूत होती. एखाद-दोन मुक्त कलाकारांसाठी ती खरी असेल. कंपनीला मात्र जिथे माणसं बसतात ती जागा सरकारदरबारी दाखवावी लागते.

जीएसटीत आमची नोंदणी पुण्याच्या पत्त्यावर. कोल्हापूर त्याच राज्यात, म्हणून नवा नंबर लागत नाही. आहे त्याच नोंदणीत ही जागा व्यवसायाचं जादा ठिकाण म्हणून चढवायची. त्यासाठी जागेचा पुरावा हवा. विजेचं बिल इमारतीच्या मालकाच्या नावावर. मालकाने मजला भाड्याने दिलाय को-वर्किंगवाल्यांना. त्यांनी केबिन दिलीय आम्हाला. म्हणजे मालकाचं बिल, मालक आणि को-वर्किंगवाल्यांचा करार, को-वर्किंगवाल्यांचा आणि आमचा करार, शिवाय दोन संमतिपत्रं. ही साखळी कुठेही तुटली तर अर्ज परत. आमची एकदा तुटली, कारण बिलावर मालकांच्या वडिलांचं नाव होतं आणि ते वारून सहा वर्षं झाली होती. मालक म्हणाले, "बिल भरतोय की वेळेवर, मग नाव कशाला बदलायचं?" त्यांचंही बरोबर होतं. शेवटी त्यांनी वारसाचे कागद काढून दिले, वर मला चहा पाजला.

पहिलं बिल माझ्या स्वतःच्या नावावर आलं. चौकशीच्या दिवशी मी माझं नाव सांगितलं होतं, तेच त्यांच्या सिस्टीममध्ये राहिलं. कंपनीचा जीएसटी नंबर बिलावर नसेल तर त्यातल्या ५,६१६ रुपये जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे आपल्या करातून वजावट, मिळत नाही. बिल रद्द करून नवं काढायला तीन आठवडे गेले. टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, भाडं समजून कापायचा की सेवा समजून, यावर आमचे सीए आणि अकाउंटंट दोन दिवस एकमेकांना मेल पाठवत राहिले. शेवटी भाडं धरून १० टक्के कापायचं ठरलं. मी त्या वादात पडले नाही.

मग दुकाने व आस्थापना कायदा. २०१७ च्या कायद्याप्रमाणे तेव्हा दहापेक्षा कमी माणसं असतील तर ऑनलाइन सूचना दिली की भागायचं, दहा किंवा जास्त असतील तर रीतसर नोंदणी लागायची. एचआर म्हणे, खुर्च्या सहा आहेत, सूचना पुरे. सीए म्हणाले, कायदा माणसं मोजतो, फर्निचर नाही. अकरा माणसं, नोंदणी करा. या वाक्याचा मला पुढे बराच उपयोग झाला.

नोंदणीला मराठी पाटीचा फोटो लागतो. आता पाटी लावायची कुठे? इमारतीवर को-वर्किंगवाल्यांची स्वतःची पाटी, खाली एका कापडदुकानाची. बाहेर आम्हाला चार इंचही जागा नव्हती. रिसेप्शनला कंपन्यांच्या नावांचा एक फळा होता, पण तो इंग्रजीत आणि आमचं नाव त्यावर अजून चढलं नव्हतं. मॅनेजरने युक्ती सांगितली. आम्ही कंपनीचं नाव देवनागरीत मोठ्या टायपात छापलं, तो कागद केबिनच्या काचेवर चिकटवला आणि फोटो काढला. फोटोत काचेवर माझं प्रतिबिंब आलंय, हातात मोबाइल धरलेलं. अर्ज मंजूर झाला.

कोपऱ्यातला कॅमेरा

आमचा मुख्य क्लायंट ब्रिटनमधली एक विमा कंपनी. नवी जागा म्हटल्यावर त्यांची प्रश्नावली आली, बहात्तर प्रश्नांची. दाराला कुलूप आहे का, चावी किती जणांकडे आहे, प्रिंटर कोण वापरतं, कागद फाडायचं यंत्र आहे का, नेटवर्कवर आणखी कोण असतं.

शेवटच्या प्रश्नाला मी काय लिहिणार? वायफायचा पासवर्ड चहाच्या काउंटरशेजारी खडूने फळ्यावर लिहिलेला होता. खाली हसऱ्या चेहऱ्याचं चित्रही होतं. मग आम्ही केबिनपुरती वेगळी ब्रॉडबँड लाइन घेतली, स्टॅटिक आयपीसकट, म्हणजे न बदलणाऱ्या इंटरनेट पत्त्यासकट, स्वतःचा राउटर लावला आणि सगळ्यांना व्हीपीएनशिवाय, म्हणजे कंपनीच्या सुरक्षित जोडणीशिवाय, काही उघडणारच नाही अशी सोय केली. महिन्याचा खर्च थोडा वाढला.

कॅमेऱ्याची गोष्ट मला आजही सांगायला आवडते. "स्क्रीन दिसेल असा कॅमेरा आहे का?" या प्रश्नाला मी बेधडक "नाही" लिहिणार होते. तेवढ्यात आमच्या इचलकरंजीच्या पोराने मान वर केली. "मॅडम, हे काय आहे?" केबिनच्या कोपऱ्यात, ट्यूबलाइटच्या बाजूला, पांढऱ्या भिंतीवर पांढरा कॅमेरा. आम्ही रिसेप्शनवर जाऊन त्यांच्या टीव्हीवर बघितलं. सोळा चौकटींपैकी अकराव्या चौकटीत आमची केबिन, आणि तिसऱ्या खुर्चीसमोरचा स्क्रीन इतका स्वच्छ की मेलचा विषयसुद्धा वाचता येत होता. येणारा-जाणारा प्रत्येक जण पाण्याच्या बाटलीची वाट बघत तो टीव्ही बघत उभा असे. मॅनेजर बिचारा ओशाळला. "चोरी होऊ नये म्हणून लावलंय हो." स्टूल आणून त्याने तो स्वतः दाराकडे वळवला. मग काचेला आम्ही दुधी फिल्म लावली.

याच प्रश्नावलीत एक प्रश्न होता: भिंती छतापर्यंत पोचतात का? आमच्या केबिनची प्लायवूडची भिंत सात फुटांवर थांबत होती. वर मोकळं, कारण एसी सगळ्या मजल्याला मिळून एक. मी प्रामाणिकपणे "नाही" लिहिलं, आणि मनात म्हटलं, भिंतीवरून उडी मारून लॅपटॉप कोण चोरणार आहे!

आवाज

सोमवारी सहा जण आले. नारळ फोडला, पेढे वाटले. दुपारी दोनला लंडनबरोबरचा पहिला कॉल सुरू झाला.

आमच्या केबिनला लागूनच परदेशी शिक्षणाचा सल्ला देणाऱ्या एका कंपनीची चार मुलं बसायची. त्यांचं कामच फोनवर बोलणं, आणि कामात ती मुलं वाघ होती. "सर, आयईएलटीएस झालंय का? बँड किती आले? मग कॅनडा बघूया की!" आयईएलटीएस म्हणजे इंग्रजीची परीक्षा, बँड म्हणजे तिचे गुण. हे दर चार मिनिटांनी, चार गळ्यांतून. शनिवारी ती मुलं नव्हती. सोमवारी सात फुटांच्या भिंतीवरून तो सगळा आवाज आमच्या मायक्रोफोनमध्ये येत होता. पलीकडून लंडनच्या बाईंनी अगदी सभ्यपणे विचारलं की तुमच्यापैकी कोणी कॅनडाला निघालंय का.

आणि आमचाही आवाज त्यांच्याकडे जात होता. शिवाय आमचेच सहा जण एका खोलीत सहा वेगळ्या कॉलवर. एकाचं वाक्य दुसऱ्याच्या कॉलमध्ये. टेस्टिंगमधली एक मुलगी जिन्यात जाऊन बसली, गुडघ्यावर लॅपटॉप, शेजारी पाण्याचा जार घेऊन चढणारा माणूस. मजल्यावर चाळीस माणसं आणि दरवाजा बंद होईल असे बूथ दोन. त्यातल्या एकात पंखा नव्हता. वीस मिनिटांत माणूस घामाने भिजून बाहेर.

दुसऱ्या आठवड्यात मला कळलं की लोक दिवसाची आखणी कशी करतात. सकाळी येऊन बसायचं, बाराला डबा खायचा आणि कॉल सुरू व्हायच्या आधी, दीड वाजता, घरी जायचं. ऑफिस म्हणून जागा घेतली होती आणि कामाची गर्दी सुरू झाली की ऑफिस रिकामं होत होतं. गडहिंग्लजचा गडी तर म्हणाला, "ताई, खरं सांगू? घरी म्हैस ओरडते, पण दिवसातनं दोनदाच."

मी सहा खुर्च्या मोजल्या होत्या. मोजायला हवे होते कॉल: दुपारी दोन ते सहा या वेळात एकाच वेळी किती जण बोलत असतात. आमच्याकडे तो आकडा साधारण चार होता. चार माणसांना चार बंद दारं हवीत; बाकीच्यांना कुठेही टेबल चालतं. कायदा माणसं मोजतो, सीए म्हणाले होते. कोणीतरी तोंडं मोजायला हवी होती.

सहा महिने अडकलेलो होतो, म्हणून तेवढ्यात जे जमेल ते केलं. आवाज गाळणारे हेडफोन घेतले. मीटिंग रूमचे दहा तास पहिल्या आठ दिवसांतच संपायचे, पुढे तासाला तीनशे. शिक्षणवाल्या पोरांशी बोलले; ती समजूतदार निघाली, दुपारी दोन ते तीन हा तास त्यांनी हळू बोलायचं कबूल केलं आणि बऱ्यापैकी पाळलं. एकाने आमच्यातल्या दोघांना कॅनडाची माहितीपत्रकंही दिली.

बुधवार

हिशेबाची दुसरी वाट लागली ती उलट दिशेने. प्रत्येकाने आपले दोन-तीन दिवस निवडायचे होते. आम्हाला वाटलं, ते आपोआप विभागले जातील. महिन्याभरात सगळे बुधवारी यायला लागले. कारण साधं होतं. शांतपणे काम करायला घर होतंच. ऑफिसला यायचं ते माणसं भेटायला, आणि माणसं तर बुधवारी भेटतात. सोमवारी गेलं तर केबिनमध्ये आपण आणि एसी.

एक्सेल म्हणत होतं की अकरा माणसं सहा खुर्च्यांत बसतात. बुधवारी अकराच्या अकरा दारात उभी. मग दर बुधवारी पाच जादा पास, साडेतीनशेप्रमाणे, महिन्याला सात हजार. पुण्याहून फोन आला, "हे काय चाललंय?" मी म्हटलं, हेच चालावं म्हणून तर जागा घेतली ना आपण?

बुधवार खरंच चांगला असायचा. एकाच्या डब्यात तांबडा-पांढरा, एकीच्या डब्यात शेंगदाण्याची चटणी, आणि जेवताना कोणीतरी सहज म्हणायचं, "तो रिन्युअलचा बग मला पण दिसलाय." नुसत्या या वाक्याने दोन दिवसांचं काम वाचलेलं मी बघितलंय. तो बग दोघांनाही आठवड्यापासून दिसत होता आणि दोघांनाही वाटत होतं की आपल्याच मशीनवर आहे.

बुधवारी कॉल कमीत कमी ठेवायचे, असं आम्ही ठरवून टाकलं. त्यामुळे त्या दिवशी सात फुटांची भिंतही चालायची.

पुण्याकडची बाजू सुधारायला मात्र जास्त वेळ लागला. तिथे आठ जण कॉन्फरन्स रूममध्ये, टेबलावर मध्ये एक लॅपटॉप. कोल्हापूरच्या पडद्यावर आठ डोकी, लांबून, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी गुणगुण. कोणी विनोद केला की तिकडे आठ जण हसायचे आणि इकडे सहा जण एकमेकांकडे बघायचे. "काय म्हणाले?" "काय माहीत." मी एकदा मुद्दाम कोल्हापुरात बसून ती मीटिंग ऐकली, तेव्हा मला लाज वाटली; दोन महिने मी त्या आठांतली एक होते. नियम काढला: एक जण जरी पडद्यावर असेल तर सगळ्यांनी आपापल्या लॅपटॉपवरून यायचं, एका खोलीत बसला असाल तरी. पुण्यात कुरकुर झाली. "शेजारी बसून व्हिडिओ कॉल?" हो, शेजारी बसून.

आणि तरी बाणेरला टपरीवर चहा पिताना जे ठरायचं ते ठरायचंच. त्यावर मला अजून पुरता इलाज सापडलेला नाही. टपरीवर काही ठरलं तर परत येऊन टीमच्या चॅट चॅनलवर दोन ओळी टाकायच्या, एवढंच पाळतो, तेही निम्म्या वेळा.

लंडनचं घड्याळ

को-वर्किंग रात्री नऊला बंद व्हायचं. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, त्यामुळे त्यांच्या दुपारी साडेतीनची आढावा बैठक आपल्याकडे रात्री आठला. साडेआठला सगळे मोकळे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास मागे जातात. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, वर्षानुवर्षं घरून कॉल घेताना त्याने काही बिघडत नव्हतं.

सोमवार, ३० ऑक्टोबर २०२३. तीच बैठक, आता रात्री नऊला. पहिल्या माणसाने बोलायला तोंड उघडलं आणि मजल्यावरचे दिवे एकेक करून जायला लागले. वॉचमन मामा हातात चाव्यांचा जुडगा घेऊन केबिनच्या दारात. "झालं न्हाई अजून?" मी हाताने पाच मिनिटं खूण केली. मामांनी ती पाच मिनिटं खरोखर पाच मोजली. शेवटी आम्ही चार जण खाली बंद कापडदुकानाच्या पायरीवर बसून, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, लंडनला आठवड्याचा आढावा दिला. रस्त्यावरून एक बुलेट गेली तेव्हा पलीकडून विचारलं, सगळं ठीक आहे ना.

दुसऱ्या दिवशी एचआरने आणखी एक गोष्ट ध्यानात आणून दिली. बैठक संपणार साडेनऊला. त्याच दुकाने कायद्यात आहे की रात्री साडेनऊनंतर महिलेला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी आणि सुरक्षिततेचा बंदोबस्त हवा. आमच्या अकरांत पाच मुली. घरून काम करताना कोणाच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. ऑफिस म्हटल्यावर ते आलं, आणि यायलाच हवं होतं.

मी लंडनला मेल लिहिला की हिवाळ्यात बैठक दीड तास अलीकडे घेता येईल का. तासाभरात उत्तर आलं: हो, काहीच हरकत नाही. तीन वर्षांत आम्ही कधी विचारलंच नव्हतं. राहिले ते रिलीजचे, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती सोडायचे दिवस, महिन्यातून एकदा. त्या रात्रीसाठी को-वर्किंगवाल्यांशी जादा तासांचे पैसे ठरले, आणि मामांशी वेगळं काही ठरलं नाही, पण त्या दिवशी पार्सल मागवताना एक मामांसाठी असतंच.

नवा करार

वर्ष झाल्यावर करार नवा करताना मॅनेजरने विचारलं, "मॅडम, आठची केबिन देऊ? माणसं वाढलीत ना तुमची." मी उलट विचारलं, छतापर्यंत भिंत असलेलं काय आहे? तो विचारात पडला. शेवटी स्टोअर म्हणून वापरात असलेली एक छोटी खोली त्याने दाखवली, विटांच्या भिंतींची, एक खिडकी, चार माणसं बसतील एवढी. त्यात त्याने आमच्या सांगण्यावरून फोमचे तक्ते लावून दिले. खोलीचे महिना नऊ हजार. बाहेर चार खुर्च्या, साडेपाच हजारांप्रमाणे. ३१,०००, जीएसटी धरून ३६,५८०. आधीपेक्षा २३६ रुपये कमी, एवढी बचत पुण्याला कळवल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

बुधवारचे जादा पास चालूच आहेत, थोडे वाढलेतही. ते मी आता बजेटमध्येच धरते.

जुलै २०२४ मध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून गेली. राजारामपुरी उंचावर, ऑफिसच्या पायरीलाही पाणी लागलं नाही. पण इचलकरंजी-जयसिंगपूरकडचे रस्ते बेभरवशाचे झाले, आणि त्या बाजूची माणसं आठवडाभर घरीच बसली. पुण्याहून कोणीतरी विचारलं, ऑफिस चालू आहे ना मग माणसं का नाहीत? २०१९ आणि २०२१ बघितलेल्या माणसाने हा प्रश्न विचारला नसता. ३९ फुटांचा इशारा आला की ज्याला जिथे राहायचं तिथे राहू द्यायचं, परवानगी विचारायची नाही, हे तेव्हापासून लिहून ठेवलंय. आम्ही सगळे पावसात नदीची पातळी तशीही बघतच असतो, रोज सकाळी, सर्व्हर चालू आहे का ते बघायच्या आधी.

मी स्वतः महिन्यातून एक आठवडा तिथे असते. सप्टेंबर २०२४ पासून वंदे भारत सुरू झाली, पण ती आठवड्यातून तीन दिवस पुण्याला जाते आणि दुसऱ्या तीन दिवशी परत येते, त्यामुळे माझे दिवस तिच्याशी क्वचितच जुळतात. बहुतेक वेळा एसटीच.

काचेवरचा तो कागद नव्या खोलीच्या दारावर आलाय. कडा पिवळ्या पडल्यात, एक कोपरा चिकटपट्टीने तीनदा जोडलेला. पितळी पाटी करून घ्यायची असं दर बुधवारी ठरतं.

मागच्या ऑक्टोबरात, म्हणजे २०२५ च्या, रिलीजच्या रात्री पार्सल घेताना वॉचमन मामांनी विचारलं, "मॅडम, ते तुमच्या लंडनचं घड्याळ यंदा कधी बदलायचं म्हणं?"

"सव्वीस तारखेला, मामा."

त्यांनी खिशातून छोटी वही काढली, कानामागची पेन्सिल घेतली आणि लिहून ठेवलं.